मातांची सोबत : गावाच्या आरोग्याचा एक दुर्लक्षित आधार

बालमृत्यू, कुपोषण आणि मातांचे आरोग्य या प्रश्नांची चर्चा निघाली म्हणजे दवाखाना, औषधे, पूरक आहार, रुग्णवाहिका आणि निधी यांचा विचार प्रथम होतो. तो व्हावयासही हवा. परंतु या साऱ्यांच्या जोडीला आणखी एक साधन आहे आणि त्याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात आढळत नाही. ते साधन म्हणजे तान्ह्या मुलाच्या आईला तिच्यासारख्याच दुसऱ्या आयांची लाभणारी सोबत. ही सोबत मिळाली तर काय घडते आणि ती तुटली तर काय घडते, याविषयी गेल्या दोन-अडीच दशकांत बराच पुरावा हाती आला आहे. त्यातील काही गोव्यातील आणि मुंबईतील आहे, काही झारखंड-ओडिशातील, तर काही शेजारच्या नेपाळ व बांगलादेशातील आहे. गावाचा कारभार पाहणाऱ्यांनी, शाळा चालविणाऱ्यांनी आणि विकासयंत्रणेतील अधिकाऱ्यांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे. कारण ही सोबत आपोआप मिळण्याचे दिवस झपाट्याने मागे पडत आहेत.

जुन्या सोबतीची जागा

महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात आयाबायांनी एकत्र येण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. पहाटेचे जाते, पाणवठा, नदीकाठचा धुण्याचा दगड, शेतातील खुरपणीची पात या त्या जागा होत. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत होती. डोहाळजेवण, पाचवी, बारसे हे समारंभ केवळ धार्मिक नव्हते. गर्भारपणापासून बाळंतपणापर्यंतच्या नाजूक काळात त्या स्त्रीभोवती अनुभवी आणि समवयस्क बायकांना गोळा करण्याची ती व्यवस्थाच होती. जात्यावर दोघी समोरासमोर बसत आणि एरवी ओठावर न येणारे सुखदुःख ओवीतून बाहेर पडे. हेमा राईरकर, गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांमधून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मूल, माहेर, भाऊ, सासुरवास हे त्यांतील वारंवार येणारे विषय आहेत. ज्या काळी बाईला मन मोकळे करण्यास दुसरी जागा नव्हती, त्या काळी जाते हीच तिची बैठक होती.

तथापि या जुन्या सोबतीचे गोडवे गाऊन भागणार नाही. तिला जातीची शीव होती. पाणवठेदेखील वेगळे असत. विधवेला आणि मूल न झालेल्या स्त्रीला ओटीभरणाच्या समारंभात स्थान नव्हते. प्रसूतीनंतरचा चीक बाळाला न पाजता पिळून टाकावा, बाळंतिणीला पाणी बेतानेच द्यावे, अशा घातक समजुतीही याच वाटेने एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेल्या. म्हणून जुने जसेच्या तसे परत आणावे, असे कोणी म्हणणार नाही. पिठाची गिरणी आली, घरापर्यंत नळ आला, बाळंतपणे रुग्णालयात होऊ लागली, हे सर्व चांगलेच झाले. बाईचे श्रम वाचले, जीवही वाचले. मात्र श्रमांबरोबर एकत्र बसण्याच्या त्या जागाही गेल्या आणि त्यांच्या ऐवजी नव्या जागा कोणी ठरवून निर्माण केल्या नाहीत.

आज नवी आई अनेकदा चार भिंतींत एकटी असते. नवरा कामावर, माहेर शेकडो किलोमीटर दूर, शेजार अनोळखी, अशी स्थिती औद्योगिक वसाहतीतील भाड्याच्या खोलीत दिसते, तशीच ती मोठ्या शहरातील सदनिकेतही दिसते. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेल्या मातेची गोष्ट याहून बिकट आहे. हंगामाचे काही महिने कारखान्याच्या परिसरातील कोपीत काढताना तिच्यापासून गावची अंगणवाडी, ओळखीची आशाताई आणि माहेरची माणसे ही तिन्ही दुरावतात, आणि तान्हे मूल फडाच्या बांधावर राहते.

एकटेपणाची किंमत

हा केवळ भावनेचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, जडतो. विकसनशील देशांत हे प्रमाण सुमारे २० टक्के आहे. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात प्रसूत झालेल्या मातांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्यातील सुमारे २३ टक्के माता नैराश्याने ग्रस्त असल्याचे त्यात आढळले. दारिद्र्य, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झाल्यामुळे पदरी आलेली नाराजी ही त्यामागील ठळक कारणे होती. पुढे त्याच भागातील पाहणीत असेही दिसून आले की, नैराश्यग्रस्त मातांच्या बालकांची सहा महिन्यांपर्यंतची वाढ इतरांच्या मानाने कमी होती. म्हणजे आईच्या मनावरचे ओझे बाळाच्या वजनाच्या तक्त्यावर उमटते.

हे नैराश्य ओळखू येत नाही, ही खरी अडचण आहे. झोप न लागणे, अन्नावरील वासना जाणे, विनाकारण रडू येणे, बाळाविषयी काही न वाटणे, आपण आई म्हणून नालायक आहोत असा ध्यास लागणे ही त्याची लक्षणे. घरात त्यांना ‘बाहेरचे झाले’ असे म्हणतात, किंवा ‘नखरे’ म्हणून सोडून देतात. सासू-सुनेच्या नात्यात ही गोष्ट बोलता येतेच असे नाही, आणि दवाखान्यातील गर्दीत डॉक्टरांना ती विचारण्यास वेळ नसतो. ती पहिल्यांदा ओळखते ती बहुधा दुसरी आईच. कारण त्या वाटेने ती स्वतः गेलेली असते.

याच जाणिवेवर आधारलेला एक प्रयोग गोव्यात झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्या २८० गर्भवती स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटातील प्रत्येकीला नेहमीच्या उपचारांखेरीज एक ‘सखी’ देण्यात आली. या सख्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. त्याच वस्त्यांतील, थोडेसे प्रशिक्षण घेतलेल्या त्या आयाच होत्या. गर्भारपणापासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत त्या घरी जात, ऐकून घेत, स्वतःची काळजी आणि बाळाशी जवळीक याविषयी बोलत. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा सखी लाभलेल्यांपैकी ७३ टक्के स्त्रिया नैराश्यातून बाहेर आल्या होत्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण ६० टक्के होते. फरक डोळे दिपविणारा नाही, पण तो खरा आहे. मानसोपचारतज्ज्ञ जिथे पोहोचत नाहीत तिथे शेजारची आई पोहोचू शकते, एवढे त्यातून निश्चित झाले.

बैठकांनी वाचविलेली बालके

एकीने एकीला दिलेल्या सोबतीचा हा परिणाम झाला. अनेकींनी एकत्र बसून केलेल्या विचाराचा परिणाम याहून मोठा आहे. नेपाळमधील मकवानपूर या डोंगराळ जिल्ह्यात गावोगावच्या स्त्रियांच्या मासिक बैठका सुरू करण्यात आल्या. स्थानिक स्त्री बैठक चालवी. ती आरोग्यसेविका नव्हती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या भागात अशा बैठका झाल्या तिथे नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण इतर भागापेक्षा ३० टक्क्यांनी कमी होते.

झारखंड आणि ओडिशातील तीन आदिवासीबहुल जिल्ह्यांत ‘एकजुट’ या संस्थेने २००५ ते २००८ या काळात हीच पद्धत राबविली. तिथे नवजात बालकांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी घटले. तिसऱ्या वर्षी मातांमधील मध्यम स्वरूपाच्या नैराश्याचे प्रमाणही निम्म्याहून अधिक कमी झाल्याचे दिसून आले. विशेष हे की, या काळात त्या भागात नवी रुग्णालये उभी राहिली म्हणून हे घडले नाही. घरच्या बाळंतपणातही हात साबणाने धुणे, नाळ स्वच्छ साधनाने कापणे, बाळाला उबदार ठेवणे आणि केवळ आईचेच दूध पाजणे, या गोष्टी बायकांनी आपसांत बोलून पक्क्या केल्या.

परंतु बैठक भरविली की परिणाम झालाच, असे मानणे चुकीचे ठरेल. बांगलादेशात अशाच बैठकांचा पहिला प्रयोग निष्फळ ठरला. कारण शोधता असे दिसले की, तिथे सुमारे १,४०० लोकसंख्येमागे एक बैठक होती, तर झारखंड-ओडिशात ती सुमारे ४७० लोकसंख्येमागे एक होती. बैठका विरळ असल्यामुळे बहुतेक गर्भवती त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत. पुढे बैठकांची संख्या वाढविल्यावर त्याच देशात बालमृत्यू घटल्याचे २०१३ साली सिद्ध झाले. त्याच वर्षी चार देशांतील सात प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. गर्भवतींपैकी निदान ३० टक्के स्त्रिया जिथे बैठकीला येत होत्या तिथे नवजात बालकांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले होते. या पुराव्याच्या आधारे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ग्रामीण भागासाठी या पद्धतीची शिफारस केली.

मुंबईचा अनुभवही प्रांजळपणे सांगावयास हवा. तेथील झोपडवस्त्यांत झालेल्या अशाच प्रयोगाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. बैठका झाल्या, बायका आल्या, त्यांच्यात काही बदलही दिसले. पण वस्तीच्या एकूण मृत्युदरात फरक पडला नाही. शहरात बाळंतपणे बहुशः रुग्णालयात होतात आणि तेथील सेवेचा दर्जा बायकांच्या बैठकीच्या हातात नसतो. शिवाय वस्तीतील कुटुंबे सतत जागा बदलतात. यावरून घ्यावयाचा धडा असा की, मातांची सोबत ही दवाखान्याच्या ऐवजी नव्हे, तर दवाखान्याच्या जोडीला हवी.

बैठक चालते कशी

या बैठका म्हणजे व्याख्याने नव्हेत, हे त्यांचे मर्म आहे. त्यांची चार पावले असतात. पहिल्या काही बैठकांत बायका आपल्या वस्तीत मातांना आणि बाळांना कोणकोणत्या अडचणी आल्या ते सांगतात. चित्रांचे पत्ते मांडून त्यातील सर्वांत निकडीच्या अडचणी निवडतात. दुसऱ्या टप्प्यात, हे का घडले, त्यामागे आणखी काय होते, असा कारणांचा माग काढून उपाय ठरवितात. तिसऱ्या टप्प्यात तो उपाय स्वतः अमलात आणतात. रात्री-अपरात्री गाडी कोणाची मिळेल हे ठरवून ठेवणे, अडीअडचणीसाठी थोडा निधी जमविणे, बाळंतिणीच्या घरी आळीपाळीने जाणे, असे हे उपाय असतात. चौथ्या टप्प्यात काय साधले आणि काय राहिले याचा हिशेब होतो.

एखादीचे बाळ दगावले असेल तर ती हकीकत ‘नशीब’ म्हणून मिटून जात नाही. ताप केव्हा आला, कोणाला सांगितले, वाहन का मिळाले नाही, पैसे कोणी दिले, हे सारे तिच्या तोंडून मैत्रिणींसमोर येते. दुःख वाटले जाते आणि त्याच वेळी पुढच्या बाळासाठी वाट शोधली जाते. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने तीच गोष्ट सांगितली तर ती सूचना ठरते. शेजारणीने सांगितली तर ती गावाची शहाणीव होते.

महाराष्ट्राजवळील पाया

महाराष्ट्राला या वाटेवर शून्यातून प्रारंभ करावयाचा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी वारली पाड्यांच्या अंगणातच बालवाडी नेली. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने आईच्या अंगणात जावे, हा तो विचार होता. १९७० पासून जामखेड तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर आणि त्यांतील अनेक दलित समाजातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. या स्त्रिया जामखेडला एकत्र जमत, एकत्र जेवत, एकमेकींना अनुभव सांगत आणि गावी परतून महिला मंडळे चालवीत. आरोग्याबरोबर जातीची शीवही तिथे हळूहळू ओलांडली गेली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांनाच नवजात बालकाची घरोघर काळजी घेण्यास शिकविले. नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले.

शासकीय रचनेतही जागा आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. त्याच वर्षी महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्याच्या बचतगटांनी बायकांना महिन्यातून एकदा एकत्र बसण्याची सवय लावली. साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी, हे ग्रामीण भागाचे प्रमाण आहे. झारखंड-ओडिशात ज्या प्रमाणात बैठका यशस्वी झाल्या, त्याच्याशी हे जवळजवळ जुळते. म्हणजे प्रत्येक अंगणवाडीत मातांची एक जिवंत बैठक चालली, तर आवश्यक ती घनता आपोआप साधते. आदिवासी भागात २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार देण्याची तरतूद आहे. तिचा हेतू पोषणाचा आहे. पण माता खरोखर एका पंगतीत बसून जेवतात तेव्हा आहाराबरोबर ओळखही वाढते. डबा घरी पोहोचविला की कागदावर लाभार्थीची संख्या तेवढीच राहते, पंगत मात्र मोडते.

हातातील फोन आणि दूरची मैत्रीण

अलीकडे मातांना आणखी एक जागा मिळाली आहे. घराबाहेर पडता न येणारी बाळंतीण रात्री दोन वाजता, बाळ रडत असताना, फोनवरील गटात प्रश्न विचारते आणि दुसऱ्या गावात त्याच कारणाने जागी असलेली दुसरी आई तिला उत्तर देते. परगावी नोकरी करणाऱ्या, परप्रांतात आणि परदेशात राहणाऱ्या मराठी मातांना आपल्या भाषेत बोलण्याचा हा मोठा दिलासा आहे. अपंग बालकांच्या, जुळ्यांच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या आयांना स्वतःच्या गावात समदुःखी मिळतेच असे नाही; त्यांच्यासाठी तर ही सोय अनमोल आहे.

या सोयीला धोकेही आहेत. चुकीचे औषध, लसीविषयीची अफवा, ‘आमचे बाळ तर चालू लागले’ अशी तुलना, आणि सल्ल्याच्या मिषाने होणारी डबाबंद दुधाची जाहिरात हे त्यांतील ठळक होत. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी असलेल्या दुधाच्या व आहाराच्या पर्यायांच्या जाहिरातीस १९९२ चा व २००३ साली सुधारलेला कायदा प्रतिबंध करतो, ही गोष्ट गट चालविणाऱ्यांना माहीत हवी. शिवाय घरातील फोन अनेकदा नवऱ्याच्या हाती असतो. तेव्हा ज्या मातेला सोबतीची गरज सर्वाधिक, तीच या गटाबाहेर राहते. म्हणून फोनवरील गट हा प्रत्यक्ष बैठकीचा धागा टिकविण्यासाठी वापरावा. तो बैठकीची जागा घेऊ शकत नाही. ताप आलेल्या बाळाला उचलून दवाखान्यात नेण्यास शेजारीणच लागते.

गावाने करावयाच्या गोष्टी

ग्रामपंचायतीकडून अपेक्षा फार मोठी नाही. बैठकीसाठी सावलीची, स्वच्छतागृह जवळ असलेली आणि कोणत्याही जातीच्या स्त्रीला संकोच न वाटणारी जागा हवी. मंदिराचा सभामंडप किंवा कोणाच्या वाड्याची ओसरी सर्वांना सारखीच मोकळी असते, असे गृहीत धरू नये. वेळ बायकांच्या कामाची वेळ पाहून ठरवावी. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. सतरंजी, पाण्याची सोय, मुलांसाठी खेळणी आणि तातडीच्या वाहनाची व्यवस्था यांसाठी तिचा उपयोग व्हावा. बैठकीतून आलेल्या मागण्या महिला ग्रामसभेत मांडल्या जाव्यात आणि पुढच्या बैठकीत त्यांचे काय झाले ते सांगितले जावे. मागणी करूनही उत्तर मिळाले नाही की बायका येणे थांबवितात.

शिक्षकांचा वाटाही मोठा आहे. पहिलीच्या वर्गात मूल घालण्यास आलेल्या आया एकमेकींना पहिल्यांदा शाळेच्या फाटकाशी भेटतात. त्यांना पाच मिनिटांत प्रगतिपुस्तकावर सही करून परत पाठविण्याऐवजी अर्धा तास एकत्र बसू दिले, तर शाळेला पालकसभेपेक्षा अधिक काही मिळेल. नव्याने गावात आलेली, बदलीच्या नोकरीतील किंवा परप्रांतीय मजुराची पत्नी असलेली आई कोण, हे शिक्षकाला पटावरून कळते. तिची इतरांशी गाठ घालून देणे हे त्यालाच सहज जमते.

अधिकाऱ्यांनी दोन पथ्ये पाळावीत. बैठकीत भाषण करू नये आणि बैठक नोंदवहीसाठी भरवू नये. उपस्थितीचा आकडा पूर्ण करण्यासाठी त्याच त्या दहा बायकांच्या सह्या घेतल्या, तर जिची गरज आहे ती गर्भवती बाहेरच राहते. म्हणून ‘किती आल्या’ यापेक्षा ‘कोण आली नाही’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मुलगी झाल्यामुळे नाराजी सोसणारी, नवऱ्याने टाकलेली, बाळ दगावलेली, वस्तीच्या टोकाला राहणारी आणि ऊसतोडीहून परतलेली आई ही त्या यादीत पहिली असावी. साखर कारखान्याच्या परिसरात हंगामापुरती बैठक भरविता आली, तर गावी सुटलेला धागा तिथे पुन्हा जोडता येईल. मनाने खचलेली माता आढळल्यास तिला प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत उपचारापर्यंत नेण्याची वाट आशा आणि अंगणवाडी सेविका यांना ठाऊक असली पाहिजे. सोबतीने धीर येतो. आजार बळावला तर औषधोपचारच लागतो.

मातांची मैत्री ही शासन आदेशाने निर्माण होत नाही. ती वाढते ती ओसरीवर, पंगतीत, बाळांना मांडीवर घेऊन मारलेल्या गप्पांत. शासनाला आणि ग्रामपंचायतीला तिच्यासाठी जागा, वेळ आणि मान देता येतो. दीड हजार वस्तीच्या गावात वर्षाला वीस-पंचवीस बाळंतपणे होतात. त्या प्रत्येक घरी पहिल्या महिन्यात डॉक्टर जाऊ शकेल, अशी स्थिती नाही. दुसरी एक आई मात्र नक्कीच जाऊ शकते. ती जाईल, वेळेवर जाईल आणि परतताना काय पाहिले ते बैठकीत सांगेल, एवढी व्यवस्था ज्या गावाने लावली, त्या गावाने आपल्या बालकांच्या रक्षणाचे निम्मे काम केले असे म्हणावयास हरकत नाही.